अभयारण्यातले हंगामी

(अंतिम वर्ष, कला शाखा)

'अभयारण्य' हा शब्द मराठीने मोठा देखणा घडवला आहे. ज्या अरण्यात भय नाही ते अभयारण्य. प्रवेशद्वारावर वाघाचे चित्र, त्याखाली हा शब्द आणि त्याखाली 'वन्यप्राण्यांना त्रास देऊ नये' अशी सूचना. शहरातून आलेला पाहुणा तो फलक वाचतो, फलकाशेजारी उभा राहून फोटो काढतो आणि जिप्सीत बसून आत जातो. हे अभय कुणी कुणाला दिले आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ते पाळायला कोण उभे असते, हा प्रश्न काही फलकावर मावणारा नाही. तो आपल्या वार्षिक अंकात मावेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आपल्या महाविद्यालयात जंगलकाठच्या गावांतून येणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या घरचा एखादा तरी माणूस १५ फेब्रुवारी ते १५ जून या काळात 'फायर वॉचर' असतो. सरकारी कागदांत त्याला अग्निरक्षक, अग्निसंरक्षक मजूर, हंगामी वनमजूर अशी निरनिराळी नावे आहेत; गावात मात्र 'तो फायरवर गेला' एवढेच म्हणतात. प्रस्तुत लेखकानेही दोन हंगाम फायरवर काढले आहेत. शुल्काचे पैसे त्यातूनच आले. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते निदान ऐकीव नाही, एवढे वाचकांनी धरून चालावे.

वणवा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शेंड्यापर्यंत पेटलेली झाडे उभी राहतात. आपल्याकडे तसे क्वचित घडते. आपले जंगल पानगळीचे. माघ-फाल्गुनात साग, ऐन, धावडा पाने टाकू लागतात आणि जमिनीवर घोटा बुडेल एवढा पाचोळा साचतो. आपली आग या पाचोळ्यातून चालते. ज्योत गुडघ्याएवढी, वाळले गवत असले तर कमरेएवढी. रात्री दुरून पाहिले तर टेकडीला कुणी सोन्याची माळ घातल्यासारखे वाटते. पाहुणे तसे म्हणतातही. जवळ गेले की माळेचा आवाज येऊ लागतो. आग बांबूच्या बेटात शिरली की पेरांत कोंडलेली हवा तापते, कांडी फुटतात आणि बंदुकीचे बार उडाल्यासारखे होते. पहिल्यांदा ऐकणारा माणूस खाली बसतो. याहून भीती वाटावी अशी गोष्ट मात्र निःशब्द असते. जुने, आतून पोखरलेले, वाळके झाड बुंध्याशी पेट घेते, आग पुढे निघून जाते, सगळीकडे राख होते, आणि ते झाड आतल्या आत दोन-दोन, तीन-तीन दिवस धुमसत राहते. मग वारा नसतानाही एखाद्या क्षणी ते आडवे होते. आग विझल्यावर ज्यांना पुन्हा त्या भागावर नजर ठेवायला पाठवतात, त्यांनी खाली बघून चालायचे की वर?

हंगामाची सुरुवात होते ती जाळरेषेने. जंगलाच्या सीमेवर, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना, कक्षांच्या मधोमध ठरावीक रुंदीचे पट्टे आखलेले असतात. त्यांवरचे गवत कापायचे, वाळू द्यायचे आणि थंड वेळ पाहून, माणसे उभी करून, आपल्याच हाताने जाळून टाकायचे. पुढे खरी आग आली तर तिला त्या पट्ट्यावर खायला काही मिळू नये, हा त्यातला हेतू. हे काम १५ फेब्रुवारीच्या आत उरकायचे असते. पण झाडांना ती तारीख ठाऊक नसते. ती पाने टाकतच राहतात, आणि आज झाडलेली रेषा चार दिवसांत पुन्हा पाचोळ्याने भरते. म्हणून चार महिने रेषा झाडत राहायचे. पूर्वी दाताळे आणि फांदी एवढीच अवजारे होती. अलीकडे पाठीवर बांधायचे, पेट्रोलवर चालणारे ब्लोअर आले आहेत. त्यांच्या हवेच्या झोताने पाचोळा उडून रेषा भराभर मोकळी होते आणि आगीच्या तोंडचा पाचोळा आगीकडेच लोटता येतो. यंत्र उपयोगी आहे यात शंका नाही. मात्र एप्रिलच्या दुपारी पेट्रोलची टाकी पाठीशी बांधून आगीच्या बाजूने चालणे म्हणजे काय, हे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत कुणी लिहीत नाही.

फांदीने आग झोडपण्याचेही शास्त्र आहे. फांदी ओली, लवचीक आणि पानांनी भरलेली हवी. सुकी घेतली तर तीच पेटते. नवा माणूस जोराने वरून फटके मारतो, त्यामुळे ठिणग्या उडून त्याच्या पाठीमागे दुसरी आग लागते. जुना माणूस फांदी खाली दाबतो आणि आगीला जळलेल्या बाजूकडे ढकलीत नेतो. आमच्या टोळीत साठीकडे झुकलेले एक मामा होते. शाळा दुसरीपर्यंत. त्यांनी पहिल्या दिवशी मला दोनच गोष्टी सांगितल्या. "आगीच्या वरतं उभा राहू नोको बाबू, बाजूले सरक. अन् काही सुचलं नाई त जळलेल्यावर जाय." आग चढावर धावते, उतार साधारण दहा अंशांनी वाढला की तिचा वेग दुपटीच्या घरात जातो, हे मी नंतर पुस्तकात वाचले. आणि जे एकदा जळून गेले ते पुन्हा जळत नाही, म्हणून राख हीच आसऱ्याची जागा, हेही पुस्तकात सापडले. मामांच्या दोन वाक्यांत ते सगळे होते.

दिवसाचे असे, तर रात्रीचे निराळे. संरक्षण कुटीत चार-पाच माणसे, भात, वरण, पाण्याचे डबे, सौरदिवा आणि बिनतारी संच. पाणी दूरवरून आणावे लागते, त्यामुळे तोंडावरची राख धुवायची की चहा करायचा, हा रोजचा वादाचा विषय. वाघाची भीती विचाराल तर वाघ आम्हांला टाळतो. मोह पडू लागला की अस्वल मात्र पहाटे झाडाखाली येते, आणि ते टाळत नाही.

आता आकाशातूनही पहारा आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेली तापलेली ठिकाणे राज्यांना कळवते, आणि आता तो संदेश थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. व्यवस्था उत्तम आहे. तिच्यामुळे कितीतरी आगी वेळेवर कळतात. पण नव्या उपग्रहाच्या डोळ्याला दिसणारा सर्वांत लहान चौकोनही ३७५ मीटर बाजूचा आहे. त्या चौकोनात घळ आहे की माळ, चढ कुठल्या बाजूला आहे, वाट आहे की नाही, हे तो सांगत नाही. तिथे माणसालाच जावे लागते, आणि जाणारा बहुधा हंगामी असतो.

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात, नागझिरा अभयारण्याच्या जंगलात आग विझवताना वाऱ्याने उसळलेल्या ज्वाळांत सापडून तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. नागझिरा मराठी वाचकाला परके नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी त्या नावाचे पुस्तक लिहिले, किरण पुरंदरे यांनी तिथे वर्षभराहून अधिक काळ राहून लिहिले, आणि नवेगाव-नागझिऱ्याचा हा सारा मुलूख मारुती चितमपल्ली यांनी तर मराठी भाषेच्या घरात आणून ठेवला. १९७० साली अभयारण्य झालेले आणि २०१३ च्या अखेरीस व्याघ्र प्रकल्पात गेलेले हे जंगल आपण पुस्तकांतून प्रेमाने पाहतो. त्याच जंगलात तीन माणसे जळून गेली, त्या बातमीला किती दिवस आयुष्य मिळाले? आठवून पाहावे. तो करोनाचा दुसरा उद्रेक होता, वर्तमानपत्रांत मृत्यूंची वाण नव्हती, हे खरे. पण आदल्या वर्षी, १६ फेब्रुवारी २०२० ला, केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या देशमंगलमजवळ वणवा विझवताना तीन वनपहारेकरी गेले, तेव्हा करोनाची साथ आपल्याकडे पसरलेली नव्हती. आणि १३ जून २०२४ ला उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्यांपैकी चार जण दगावले, तेव्हा करोना सरलेला होता. तिन्ही ठिकाणची भाषा वेगळी, झाडे वेगळी. मेलेल्यांचा दर्जा पाहिला तर त्यांत रोजंदारीवरची, तात्पुरती, हंगामी माणसे पुनःपुन्हा आढळतात.

कुणी म्हणेल, हे धोक्याचे काम आहे, त्यात माणसे जाणारच. सैन्यात नाही का जात? या युक्तिवादाचे उत्तर देण्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

अमेरिकेत वन्यजीवांसाठी राखलेल्या 'रेफ्यूज' नावाच्या जागा आहेत. पहिली १९०३ साली फ्लॉरिडातल्या पेलिकन बेटावर झाली. आज अलास्कातल्या, जिथे रस्ताही जात नाही, अशा प्रदेशापर्यंत त्या पसरल्या आहेत. तिथेही आगीचा हंगाम असतो, तिथेही हंगामी माणसे घेतात, आणि त्यांत उन्हाळ्याच्या सुटीत शुल्क मिळवणारे महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. म्हणजे आपलेच भाऊबंद! त्यांचेही सगळे गोड नाही. वर्षानुवर्षे सरकारी दप्तरात त्यांना 'आग विझवणारा' असे नावसुद्धा नव्हते; ते 'वनतंत्रज्ञ' म्हणून नोंदले जात. तात्पुरत्या माणसाला वर्षाला १०३९ तासांची मर्यादा, म्हणजे कायमपणाचे हक्क लागू होण्याच्या आत घरी. बरीच ओरड झाल्यावर २०२१ च्या एका कायद्याने त्यांच्या वेतनात भर पडली, वेगळे पदनाम ठरवण्याचे मान्य झाले, आणि २०२५ साली वेतनवाढ कायमची झाली. तेव्हा 'परदेशात सगळे छान' असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण काही गोष्टी तिथे कटाक्षाने पाळल्या जातात. आगीच्या तोंडी जाणाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते: सुमारे वीस किलो ओझे पाठीवर घेऊन पावणेपाच किलोमीटर अंतर पंचेचाळीस मिनिटांत चालून दाखवायचे. अंगावर सहजी पेट न घेणारे कपडे, कमरेला शेवटच्या क्षणी अंगावर ओढून घ्यायचा चंदेरी तंबू. एवढे असूनही ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातल्या यार्नेल हिलच्या आगीत एकाच तुकडीचे एकोणीस जण गेले. साधने असली की मरण टळतेच असे नाही.

मला विशेष वाटते ते त्यांच्या दुसऱ्याच सवयीचे. ती सवय म्हणजे मेलेल्या माणसाबद्दल प्रश्न विचारणे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटाना राज्यातल्या मॅन गल्च नावाच्या घळीत तेरा जण मेले. बहुतेक विमानातून छत्रीने उतरलेली तरुण पोरे, त्यांत विद्यार्थी होते. आग घळीच्या पलीकडे आहे असे धरून ते खाली नदीकडे निघाले; आग ओलांडून पुढे आली होती. मग गवताने भरलेल्या तीव्र चढावर पळापळ. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज याने पळता पळता काडी ओढली, समोरचे गवत पेटवले आणि जळलेल्या जागेत पालथा पडून राहिला. इतरांनाही तो बोलावीत होता. पण आग मागे लागली असताना पुढे आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असावा. डॉज वाचला, आणखी दोघे वाचले. 'जळलेल्यावर जाय' हे मामांचे वाक्य मला ही हकीकत वाचताना आठवले, आणि खरे सांगायचे तर अंगावर काटा आला.

पुढे या तेरा जणांचा माग काढीत बसला तो कोण? शिकागो विद्यापीठात शेक्सपिअर आणि इंग्रजी कविता शिकवणारा नॉर्मन मॅक्लीन नावाचा एक निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी त्याने वनखात्यात काम केले होते. म्हातारपणी तो त्या चढावर चढून गेला, मोजमापे घेतली, वाचलेल्यांना गाठले, आगीचे शास्त्रज्ञ गाठले. १९९० साली तो वारला आणि पुस्तक १९९२ साली निघाले. आपण कला शाखेचे विद्यार्थी. 'कला घेऊन काय करणार?' हा प्रश्न घरीदारी ऐकून आपले कान किटले आहेत. मॅक्लीनने जे केले ते करायला वनशास्त्राची पदवी लागली नाही. माणूस शेवटच्या दहा मिनिटांत कुठे उभा होता, त्याला काय दिसत होते, त्याला काय सांगितले गेले होते, हे विचारण्याची चिकाटी लागली. नागझिऱ्याच्या तिघांबद्दल, त्रिशूरच्या तिघांबद्दल, बिनसरच्या चौघांबद्दल हा प्रश्न आपल्या भाषांत कुणी तरी असाच धरून बसायला हवा.

अशा मृत्यूंच्या चौकशीतून अमेरिकेत १९५७ साली आगीवर जाणाऱ्यांसाठी दहा कायम आज्ञा ठरल्या, आणि १९९१ मध्ये पॉल ग्लीसन नावाच्या एका अनुभवी अग्निशामकाने त्यांचे सार चार शब्दांत आणले: टेहळणी, संपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा. आगीवर नजर ठेवणारा एक माणूस उंचावर आहे का? त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो का? निघायचे झाले तर कुठून? आणि निघून कुठे? या चार प्रश्नांची उत्तरे असल्याशिवाय आगीला भिडायचे नाही. यातल्या एकाही गोष्टीला निविदा काढावी लागत नाही. सैन्याचे उदाहरण देणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे की, सैन्यातला जवान शिकवल्याशिवाय पाठवीत नाहीत. मी फायरवर गेलो तेव्हा मला शिकवणारे एकटे मामा होते, आणि मामांना शिकवायला कुणी सांगितलेले नव्हते.

कपड्यांचेही असेच. एका हंगामात आम्हांला छातीवर आणि पाठीवर 'जंगल वाचवा' असे छापलेले चकचकीत टी-शर्ट वाटण्यात आले. कुणी देणगी दिली होती म्हणे. फोटो निघाला. ते कापड कृत्रिम धाग्याचे होते. त्यावर ठिणगी पडली की ते वितळते आणि कातडीला चिकटते. मामांनी ते घडी घालून नातवासाठी ठेवले आणि स्वतःचा जुना सुती सदरा घालूनच ते आगीवर येत. पायांत आमच्यापैकी बहुतेकांच्या रबरी चपला. अंगभर सुती जाड कपडा, चामड्याचे बूट, डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडके. एवढ्याची मागणी करणे म्हणजे चैन मागणे नव्हे.

मजुरीविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तो विषय कंटाळवाणा आहे, आणि तो कंटाळवाणा आहे म्हणूनच तो सुटत नाही. ज्या कार्यालयात आमची हजेरी लागत असे, तिथली फेब्रुवारीची मजुरी एकदा मृगाचा पाऊस पडल्यावर हाती आली. निधी आला नाही, देयक अडकले, खाते क्रमांक चुकला, अशी कारणे. ती खरीही असतील. पण आग काही निधी येईपर्यंत थांबत नाही. १५ जूनला हंगाम संपला की फायर वॉचर हा प्राणीच कागदावरून नाहीसा होतो. धुराने धरलेली छाती मात्र पावसाळाभर खोकत राहते. तिच्या औषधाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा?

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यावर आपल्या गावांनीही मोकळेपणी बोलले पाहिजे. वणवा लावतो कोण? वीज पडून आग लागण्याचे प्रकार आपल्याकडे थोडे. आपल्या बहुतेक आगींच्या मागे माणसाचा हात असतो. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला खालची जमीन स्वच्छ लागते. म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि तो विझला की नाही हे पाहायला कुणी थांबत नाही. तेंदूची नवी, मऊ पाने भरपूर फुटावीत म्हणून खुटकटाईबरोबर आग लावण्याची चाल आहे. चाऱ्यासाठी, शिकारीसाठी, कधी नुसती विडी टाकून. वनखात्याची भित्तिपत्रके मग गावकऱ्याला गुन्हेगार ठरवतात. कायदाही कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याने अभयारण्यात राहणाऱ्याने दिसलेली आग विझवणे हे त्याचे कर्तव्यही आहे. १९२७ चा वन कायदाही जंगलात हक्क असणाऱ्यांवर तेच कर्तव्य टाकतो. म्हणजे एकच माणूस भित्तिपत्रकावर आग लावणारा आणि हजेरीपटावर आग विझवणारा! आणि तो तसा असतोही. मोहाचा हंगाम आणि फायरचा हंगाम एकच आहे. रात्री आग झोडपून आलेल्या माणसाची आई पहाटे टोपली घेऊन मोहाखाली असते. तिला 'आग लावू नको' म्हणणे सोपे आहे. झाडाखाली जाळी अंथरली तर फुले वरच्या वर गोळा होतात, आग लावावी लागत नाही, फुलेही स्वच्छ मिळतात. असे प्रयोग काही ठिकाणी झाले आहेत. एका झाडाच्या जाळीचा खर्च आणि त्या झाडाखालून निघालेली आग विझवण्याचा खर्च, यांचा हिशेब आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गात मांडायला काय हरकत आहे?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. वनहक्क कायद्याने २०१२ साली त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे रोख पैसा. तरीही त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि आग लावावी लागते. त्यांनी बांबूवर गाव उभे केले. त्यांना हे कुणी भित्तिपत्रकाने शिकवले नाही. जंगल आपले झाल्यावर आगीचा खर्च त्यांना स्वतःच्या खिशातून जाताना दिसला असावा, असे मला वाटते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. सगळी आग वाईट, हा विचारही तपासून पाहण्याजोगा आहे. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्ण थोपवून दाखवली. पीअरसन नावाच्या अधिकाऱ्याचे ते यश देशभर गाजले, आणि आगबंदी हे वनखात्याचे ब्रीद झाले. पुढे त्याच खात्यातल्या माणसांना ब्रह्मदेशात आढळले की आग पूर्ण बंद केल्यावर सागाची रोपे येईनाशी झाली. सालाच्या जंगलांतही तसाच अनुभव आला. यावर त्यांच्यात पुष्कळ वाद झाले. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. पण थंड हवेत, लक्ष ठेवून, पट्ट्यापट्ट्याने लावलेली आग आणि एप्रिलच्या दुपारी सुटलेली आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाळरेषा जाळणारा कोणीही मजूर सांगू शकतो. त्याला विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही. त्याच्याकडून फांदी चालवून घेतात.

माझे म्हणणे एवढेच की, या माणसाला हंगामी म्हणा, पण हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याला चार दिवस शिकवा. शिकवायला बाहेरचे तज्ज्ञ आणा आणि आमच्या मामांसारखेही आणा, मानधन देऊन. टेहळणी, संपर्क, वाट, जागा, हे ठरल्याशिवाय त्याला चढावर पाठवणाऱ्याला जाब विचारला जाईल, असा नियम करा. त्याचा विमा १५ फेब्रुवारीच्या आत उतरवा आणि त्याची पावती त्याच्या हातात द्या, कार्यालयाच्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात रोपवनात, हिवाळ्यात जाळरेषेवर, पर्यटनाच्या कामात त्यालाच आधी बोलवा. जंगलाची प्रत्येक घळ त्याला पाठ आहे. दर वर्षी नवा माणूस घेण्यात कुणाचेच हित नाही.

आपल्या महाविद्यालयाकडेही एक मागणे आहे, किंबहुना दोन. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि आगीचा भर एकाच काळात येतो. गेल्या हंगामात आमच्या वर्गातला एक जण रात्रभर रेषेवर असून सकाळी राज्यशास्त्राच्या पेपरला बसला. पर्यवेक्षकांनी त्याला वर्गात विडी ओढून आल्याबद्दल हटकले. परीक्षा पुढे ढकला असे कुणी म्हणत नाही. पण फायरवर असणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी विभागाकडे असावी, चाचण्या आणि तोंडी परीक्षा त्यांच्या सोयीने घ्याव्यात, हजेरीच्या टक्क्यांत हे काम धरावे. खेळाडूंना ही सवलत मिळते.

दुसरे मागणे राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराबद्दल. दर वर्षी आपण एखाद्या गावात सात दिवस राहतो, नाल्या साफ करतो, भिंतींवर घोषणा रंगवतो. यंदा ते शिबिर जंगलकाठच्या गावात जाळरेषेच्या कामावर न्यावे. गवत कापणे, पट्टा झाडणे, मोहाखाली जाळ्या बांधून देणे, एवढेच. आगीवर कुणालाही नेऊ नये. ते काम शिकलेल्यांचे आहे. संध्याकाळच्या बौद्धिकाला पाहुणे म्हणून मामांना बोलवावे. त्यांना भाषण येत नाही, पण प्रश्न विचारले तर ते बोलतात. शिबिराच्या गावाची निवड दिवाळीच्या सुटीनंतर होते आणि जाळरेषेचे काम त्यानंतर महिन्याभरात सुरू होते. तेव्हा सूचना पेटीत हा कागद मी दिवाळीपूर्वीच टाकणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी वाचनालयात भेटावे.